उपासाची बाहुली

सोनिकानं माह्या हातचा केक खावा, एवढ्या एका गोष्टीसाठी मी चार दिवस राबली. कोणी म्हणंन, केकच तर आहे वं, त्यात काय एवढं. त्याले मी म्हणते, बस बाप्पा, पाणी पी, सगळं ऐक अन् मंग बोल.

आम्ही कोराडीले राहतो, पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, दुसऱ्या माळ्यावर. माहं दार अन् सोनिकाचं दार समोरासमोर. मधात चार पावलांची जागा, तिथं दोन्ही घरच्या चपला अन् दोन्ही घरच्या पोरींच्या सायकली. माहा नवरा रोशन अन् तिचा नवरा सौरव दोघंबी प्लांटमध्येच आहेत. माही वेदिका अन् तिची रितिका दोन महिन्यांच्या फरकानं झालेल्या. सहा वर्षं झाली आम्हाले या बिल्डिंगमध्ये. सकाळी गॅलरीत दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली प्लांटची राख झटकता झटकता आमचं बोलणं सुरू होये, ते दिवा लागेपर्यंत चाले. कॉलनीतल्या बाया म्हणत, या दोघी मागच्या जन्मीच्या बहिणी असतीन. सोनिका स्वतः म्हणे, "प्रेमिला, तू माही बहीणच आहे." मले सख्खी बहीण नाही. त्या शब्दाची मले भूक होती, खोटं काहून सांगू.

आम्ही बौद्ध. माह्या आज्यानं छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली. माह्या घरात पाय ठेवला की समोरच्या भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब. ते लोक मोठ्या जातीचे. मी काही लपवत नाही, अन् सोनिकाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा फोटोकडे पाहून म्हणाली, "आमच्याकडे जातपात असलं काही नाही वं, आम्ही नाही मानत." मले बरं वाटलं. रोशनले सांगितलं तर तो म्हणाला, "जे मानत नाही ते असं सांगत नाही बसत." मी त्याच्यावर खेकसली. म्हणलं, सगळ्यांले एकाच मापानं मोजू नको. त्याचा स्वभावच आहे, एकदा बोलतो अन् मंग आपल्याले भोगू देतो.

तिच्या घरचं मी सगळं खाल्लं. पाटोडी, सांबारवडी, महालक्ष्मीच्या प्रसादाची आंबील. तिनं उष्टं चमच्यानं चाखायले दिलेलं बी खाल्लं. माह्या घरूनही दर सणाले डबा जाये. करंज्या, अनारसे, बुद्धपौर्णिमेची खीर. फक्त एक होतं का डबा तिच्या सासूसमोर द्यायचा नाही. पार्वतीबाई तिच्या सासू, गुडघे दुखतात म्हणून घरातल्या घरातच राहतात. सोनिका म्हणे, "आमच्या आईंचं सोवळं फार कडक आहे वं. त्यांच्यासमोर नको, तू मागून गॅलरीतून दे, मी गुपचूप खाते." मी गॅलरीच्या कठड्यावरून डबा देये. दुसऱ्या दिवशी डबा घासून-पुसून परत येये, अन् रिकामा कधी नाही, त्यात तिच्या घरचं काही ना काही. "मस्त झालं होतं वं," असं ती न चुकता म्हणे. मले वाटे, पाहा बिचारी, सासूच्या धाकात राहूनही आपलं खाते.

माह्या घरी आली का मात्र तिले उपास असे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, एकादश्या दोन, चतुर्थ्या दोन, वरून नवरात्र. जो वार उरला त्या वारी पोट बिघडलेलं. चहानं तिले पित्त होये. पाण्याची बाटली तिच्या हातात राहेच, म्हणे घशाचा त्रास आहे, डॉक्टरनं घरचंच उकळलेलं सांगितलं. मी तिले चिडवे, "एवढे उपास करून तू बारीक कशी होत नाही वं?" ती हसे, मीही हसे. आता आठवलं का माह्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

रितिकाचं असं काही नव्हतं. ती पोट्टी सरळ माह्या स्वयंपाकघरात येऊन डब्यात हात घाले.

अन् एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या गेटवरचे चौकीदार नत्थूजी एक दिवस मले म्हणाले, "बाई, तुमच्या हातच्या करंज्या बम असतात. सोनिकाबाई आणून देतात न मले." मी काय समजली असंन? मी समजली का पोरीचं मन किती मोठं आहे, आपल्या वाट्यातलं गरिबाले देते. घरी येऊन रोशनले कौतुकानं सांगितलं. त्यानं माह्याकडे पाहिलं अन् पेपर वाचायले लागला.

तर या मे महिन्यात रितिकाचा सातवा वाढदिवस आला. तिनं हट्ट धरला का मले बाहुलीचा केक पायजे, घेरदार फ्रॉक घातलेली बाहुली, अन् तो वेदिकाच्या मम्मीनंच केला पायजे. सिटीतून मागवायचा तर मे महिन्याच्या उन्हात अर्ध्या रस्त्यात, मानकापूर येईस्तोवरच त्या बाहुलीचं श्रीखंड झालं असतं. सोनिका दारात उभी राहून म्हणाली, "करशील न वं प्रेमिला?" मी म्हणलं, हे काय विचारणं झालं. मंग कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी नेमकी संकष्टी.

"तुले उपास असंन न त्या दिवशी," मी म्हणलं.

"हाव न. पाहा माहं नशीब, पोरीचा केक बी खाता येत नाही."

असं म्हणून तिनं तोंड इतकं पाडलं का मले खरंच गलबलून आलं. तिथंच मी मनात ठरवलं का या वेळी तिले खाता आलं पायजे. पोरीसाठी मोठी बाहुली करीन अन् आईसाठी छोटी, उपासाची. गव्हाचा कण नाही, मैदा नाही, अंडं नाही, काही म्हणजे काही आडवं येणार नाही असं करीन. अन् गॅलरीतून गुपचूप नाही, तिच्या घरात, तिच्या माणसांसमोर देईन. सहा वर्षांत सोनिकानं माह्यासमोर माह्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. मले ते समजत नव्हतं असं नाही. मले समजून घ्यायचं नव्हतं. पण आता तो घास मले पाहायचा होता.

रोशन म्हणाला, "चतुर्थी चंद्र निघाला का सुटते. तेव्हा खाईन काय ती?"

मी म्हणलं, "तुह्या तोंडाले काही औषध आहे काय?"

बाहुलीच्या केकचा साचा येते, घुमटासारखा. नागपुरात बर्डीवर जाऊन चार दुकानं पाहिली, तीन दुकानांत नव्हता, चौथ्यात होता तो इतका लहान का त्यात उंदराचा फ्रॉक झाला असता. नसला साचा तर नसला. आपल्या बायांजवळ भांडे काय कमी आहेत. फ्रॉकचा खालचा घेर म्हणून कुकरच्या डब्यात दोन गोल केक केले अन् वरचा उतार म्हणून स्टीलच्या खोलगट वाडग्यात एक. ओव्हन माह्याजवळ नाही. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा मोठा गंज आहे, त्याच्या तळाशी मीठ पसरते, वर जाळी ठेवते, झाकण लावून मंद आचेवर केक करते. कॉलनीतले अर्धे वाढदिवस त्याच गंजातून निघालेले आहेत. अंडं टाकलं नाही, दही अन् दुधाची पावडर घेतली, कारण पार्वतीबाईंच्या घरात अंडं नेणं बरं नाही दिसत.

तिन्ही केक एकावर एक रचले, मधात क्रीम लावलं, वाडग्याचा वरून उपडा घातला. पावाच्या सुरीनं कडा तासून तासून खाली घेर अन् वर निमुळतं केलं. मधात भोक पाडून, पायाले प्लास्टिक गुंडाळून बाहुली आत उभी केली. तर तिची कंबर केकच्या चार बोटं वर. वेदिका बाजूलेच उभी होती, म्हणाली, "मम्मी, हिचा फ्रॉक पडून राहिला." हसू यावं का रडू ते समजेना. पाय मोडून छोटे करावे म्हणलं तर पोट्टीनं भोकाड पसरलं, बाहुलीचे पाय मोडायचे नाही. मंग पुन्हा गंज चढवला, खाली लावायले अजून एक गोल केक केला. बेचाळीस डिग्रीत. कूलर लावला तर ओल्या हवेनं क्रीमले पाणी सुटते, बंद केला तर माह्या अंगाले. शेवटी कूलर बंद करून, डोक्याले ओला दुपट्टा बांधून एक एक गुलाबी पाकळी काढत बसली. फ्रीजमधली जाळी काढली, भाजी-कणीक सगळी बाहेर, आत फक्त बाहुली उभी.

ते झालं. खरा घोर छोट्या बाहुलीचा होता. उपास आमच्या घरात कोणी करत नाही. काय चालते अन् काय नाही हे मले कुठून माहीत. पिठाच्या गिरणीवर इंदूबाई बसतात, त्यांले विचारलं. त्या म्हणाल्या, राजगिरा चालते, शिंगाडा चालते, सोडा मात्र नको बाई, काही जण नाही खात. अन् भांडं उपासाचं वेगळं पायजे. मी नवीन वाटी विकत आणली. घरातल्या भांड्यात कधीतरी अंडं शिजलं असंन, मटण शिजलं असंन, नकोच ते. नवीन चमचा, नवीन चाळणी. सोड्याशिवाय पहिला केक वीट झाला, गाईनं बी वास घेऊन सोडला. दुसऱ्यांदा दही अन् साखर अर्धा तास फेटली, हात सुजला, तेव्हा कुठं जरा हलका झाला. वाटीतून काढला तर असा सुंदर छोटा फ्रॉक. वर खव्याची कंबर, खव्याचं डोकं, दोन मिऱ्यांचे डोळे करत होती तर आठवलं का मिरी चालते का नाही ते विचारायचं राहिलं. मंग मनुकेचे तुकडे लावले. बाजारचा रंग नको म्हणून केशराच्या दुधानं फ्रॉक पिवळा केला. वेदिकाले सांगितलं, ही सोनिका मावशीची आहे, हिले बोट लावायचं नाही. ती म्हणाली, मावशी खूप खुश होईन न? मी म्हणलं, पाहा तू.

वाढदिवसाच्या दिवशी सहा वाजता मी मोठी बाहुली चार पावलं ओलांडून तिच्या घरात नेली. तेवढ्यातही जीव मुठीत. पंधरा-वीस लेकरं, आठ-दहा बाया. बाहुली पाहून लेकरांनी एकच कालवा केला. सौरवनं मोबाइलवर फोटो काढले. रितिकानं केक कापला, पहिला घास आईले भरवायले गेली, तर सोनिका म्हणाली, "बेटा, मम्मीले उपास आहे, आजीले दे." मंग लगेच म्हणाली, "थांब थांब, आजीलेही नको, यात अंडं असंन."

मी म्हणलं, "अंडं नाही त्यात. तुले सांगितलं होतं न मी."

"हाव काय? विसरली वं मी."

बाया खाऊन राहिल्या होत्या, कोणी दुसऱ्यांदा मागून राहिली होती. मी म्हणलं, हीच वेळ आहे. घरी गेली अन् झाकलेली वाटी घेऊन आली. सगळ्यांसमोर सोनिकाच्या हातात दिली.

"ही तुही. राजगिऱ्याची आहे. सोडा नाही, मैदा नाही, भांडं बी नवीन आहे. आज तुले उपासाचं कारण नाही."

झाकण काढलं तशा बाया म्हणाल्या, काय वं, किती गोड. सोनिकाचं तोंड मात्र पांढरं पडलं. मले वाटलं, भरून आलं असंन.

दिवाणावर पार्वतीबाई बसल्या होत्या. त्या वाकून पाहत म्हणाल्या, "उपास? कोणाले उपास?"

"सोनिकाले, आजी. संकष्टी आहे न."

"हिले कुठला उपास? सकाळी सौरवनं तर्रीपोहे आणले, ते मस्त दोन प्लेट खाल्ले हिनं. उपास मले आहे. ही तर लग्न होऊन आली तेव्हापासून एक उपास करत नाही. मीच म्हणते, नको करू बापा, तुले चक्कर येते."

त्या बाईनं हे सहज सांगितलं. सुनेची तक्रार म्हणून नाही, आपली घरातली गोष्ट सांगावी तसं.

सोनिका म्हणाली, "आई, ते मी विसरून खाल्लं."

"विसरली तर विसरली. मंग आता काय, खा. नाहीतर इकडे आण, मले चालते." अन् पार्वतीबाईंनी हात पुढं करून वाटी घेतली. चमचा घातला, फ्रॉकची कड तोडली, तोंडात टाकली. मी पाहतच राहिली. ज्या बाईच्या सोवळ्याच्या धाकानं मी सहा वर्षं कठड्यावरून डबे दिले, ती बाई माह्या डोळ्यांसमोर माह्या हातचं खाऊन राहिली होती.

"बढिया झालं," त्या म्हणाल्या. "एवढं चांगलं हाताले येते तुह्या, अन् सहा वर्षांत एकदा वाटीभर काही पाठवलं नाही वं पोरी तू. सगळी बिल्डिंग तुह्या करंज्यांचं नाव काढते. मी म्हणे, समोरची बाई जरा ताठ आहे, म्हातारीशी नाही जमत तिचं."

मी म्हणलं, "आजी, मी पाठवलं. दर सणाले पाठवलं."

त्यांनी माह्याकडे पाहिलं, मंग सुनेकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

अन् मले नत्थूजी दिसले. गेटवर खुर्ची टाकून माही करंजी खाणारे नत्थूजी. आपल्या वाट्यातलं देते म्हणून ज्या बाईचं मी कौतुक केलं, तिनं पूर्ण डबाच तिकडे दिला होता. एकेक करंजी. खीर असंन तर ती कुठी गेली असंन? मोरीत? दुसऱ्या दिवशी "मस्त झालं होतं वं" म्हणत माह्या हातात डबा ठेवणारा तोच हात. तिच्या हातातली पाण्याची बाटली, पित्त, घसा, सोमवार, गुरुवार, शनिवार, सगळं माह्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं.

सोनिका उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं गेली. दार लोटलं.

"प्रेमिला, तू चुकीचं नको समजू."

"मंग बरोबर काय ते तू सांग."

ती ओट्याले टेकून उभी राहिली. म्हणाली, "माह्यानं होत नाही वं. शप्पत सांगते, मी किती वेळा पाहिलं करून. पहिल्या दिवाळीले तुही करंजी हातात घेतली, तोंडापर्यंत नेली. आतच जात नाही. आमच्या माहेरी लहानपणापासून जे सांगितलं ते डोक्यात बसलं. तुहं घर माह्या घरापेक्षा स्वच्छ आहे, मले सगळं समजते. तरी नाही होत."

"सासूचं नाव काहून सांगितलं?"

"मंग काय सांगू? तुले वाईट वाटलं असतं."

"अन् आता बरं वाटून राहिलं काय मले?"

ती रडायले लागली. "तू माही बहीण आहे, ते खोटं नाही प्रेमिला. देवाशप्पत ते खोटं नाही."

खरं सांगते, ती शिव्या देती तर मले सोपं गेलं असतं. जातीवरून बोलणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांले कसं उत्तर द्यायचं ते माह्या आईनं मले शिकवलं आहे. रडणाऱ्या बहिणीले काय उत्तर द्यायचं ते कोणी शिकवलं नाही. ती रडत होती अन् सवयीनं माहा हात तिच्या खांद्यावर जायले निघाला होता. तो मी मागं घेतला. माह्या अंगाचा तिळपापड झाला होता अन् वरून लाज मलेच वाटत होती, जशी चूक माहीच आहे. इतक्या वर्षांत रोशनशी मी जेवढी भांडली, अर्ध्या वेळा हिच्यापायी भांडली. दाखवायचे दात वेगळे अन् खायचे वेगळे, ही म्हण मी शंभर वेळा बोलली असंन, पण ते दात हिच्या तोंडात असतीन असं वाटलं नव्हतं.

"सहा वर्षं मी तुह्या ताटातलं उष्टं खाल्लं," मी म्हणलं. "तुले कधी काही वाटलं नाही?"

मंग तिनं डोळे पुसले, बाहेर गेली, अन् सासूच्या हातातली वाटी घेऊन परत आली. बाहुलीचा फ्रॉक अर्धा संपला होता. तिनं बोटानं एक तुकडा तोडला.

"हे पाहा, आता खाते मी. तुह्यासमोर खाते. झालं?"

तिनं डोळे घट्ट मिटले. नाकानं श्वास रोखला. एरंडेल पाजताना आपण लेकराले म्हणतो न, डोळे मीट अन् गिळून टाक, तसं तोंड केलं. तुकडा ओठाजवळ आला अन् तिच्या गळ्यातून उमासा आला, खरा उमासा, ते काही नाटक नव्हतं.

मी तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला.

"राहू दे," मी म्हणलं. "औषध नाही ते."

वाटी तिच्या ओट्यावरून उचलली, बाहेर येऊन पार्वतीबाईंच्या हातात परत दिली. म्हणलं, "खा आजी, तुमच्या उपासाले चालते." त्यांनी माहं मनगट धरलं. बाया केकवर वाकल्या होत्या, कोणी फुगे फोडत होतं. मी हात सोडवला अन् वेदिकाले म्हणलं, चल घरी.

"आत्ताच? रिटर्न गिफ्ट राहिलं न मम्मी."

"चल म्हणलं न."

चार पावलं चालून घरात आली अन् दार लावलं. कडीही लावली. दिवसा कडी लावायची आम्हाले सवय नाही, वेदिका कडीकडे पाहत राहिली. रोशन सोफ्यावर होता. त्यानं माहं तोंड पाहिलं अन् टीव्ही बंद केला. "मी म्हणलं होतं" असं तो म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडली असती, जरा मोकळी झाली असती. त्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला.

वेदिका माह्या बाजूले येऊन बसली. तिच्या गालाले गुलाबी क्रीम लागलं होतं.

"मम्मी, सोनिका मावशीले छोटी बाहुली आवडली काय?"

"तिनं नाही खाल्ली."

"काहून? तिले उपास होता न, मंग उपासाचीच तर होती."

हाव म्हणून सुटता आलं असतं. पोट दुखत होतं तिचं, असं बी सांगता आलं असतं. इतकी वर्षं मीच मले तसलं सांगत आली होती, एक कारण अजून द्यायले काय लागत होतं. पण मंग उद्या ही पोट्टी कठड्यावरून डबा द्यायले शिकली असती.

"तिले उपास नव्हता," मी म्हणलं.

माह्या आईनं मले हे सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची होती. मले वाटे, माह्या लेकीले हे सांगायची पाळीच येणार नाही. मी तिले मांडीवर घेतलं अन् सांगितलं. सात वर्षांच्या लेकराले जेवढं सांगता येते तेवढं, साध्या शब्दांत. रोशन खाली मान घालून ऐकत होता. सगळं झाल्यावर वेदिकानं गालाचं क्रीम हातानं पुसलं, हात फ्रॉकले पुसला, अन् आपल्या कडी लावलेल्या दाराकडे पाहत मले विचारलं,

"मंग रितिका माह्या घरचं कधीपर्यंत खाईन?"